खाजणाचं गाऱ्हाणं

बांधाच्या चिऱ्यावर मिठाची एक रेघ होती. पांढरी, करंगळीएवढी जाड, पाणसळ लावून आखावी इतकी सरळ. भरतीचं पाणी चढून जिथे थोडं थबकतं आणि मग उतरायला लागतं, तिथला ओलावा उन्हाने सुकतो आणि मीठ मागे राहतं. त्याच चिऱ्यात होडी बांधायची जुनी लोखंडी कडी होती. गेल्या शिमग्याला रेघ कडीच्या खाली होती. या शिमग्याला वर.

राही उकिडवी बसून बघत होती. खाडी वर आली की बांध खाली बसला, हे एका रेघेवरून सांगता येत नाही. दोन्ही झालं असलं तरी रेघ अशीच दिसेल. तिने बोट ओलं करून रेघेवर टेकवलं आणि जिभेला लावलं. आमदार होण्याआधी ती मंडणगडला शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, आणि चव घेऊन काहीही ओळखायचं नाही हा प्रयोगशाळेचा पहिला नियम मुलांकडून पाठ करून घ्यायची.

"आमदारबाई, चाखून झालं असंल तर घरी चला," मागून गोदावहिनीचा आवाज आला. "पालखी वरच्या वाडीत पोचली. आपल्या खळ्यात येयाला येळ नाय लागायचा."

गोदावहिनी म्हणजे चुलतभावाची, राजेंद्रची बायको. तिच्या डोक्यावर फुलांची टोपली होती आणि एका हातात नारळ. राहीने तिच्याकडून नारळ घेतला आणि दोघी बांधावरून निघाल्या. उजवीकडे खाडी, डावीकडे रेवाळ्यांचं, म्हणजे राहीच्या माहेरचं खाजण, बांध घालून खाडीपासून राखलेली सखल जमीन. एके काळी तिथे भात व्हायचं. बांधाची उघाडी, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं दार, मोडली तेव्हापासून खारं पाणी आत शिरून राहायचं, आणि आता जमिनीवर पापुद्रे धरले होते. चांगला उरला होता तो फक्त खाडीकडचा उंच तुकडा.

सगळं घोडं त्या तुकड्यावर अडलं होतं. तिवरबंदरची जेटी मंजूर होऊन पडली होती, पण होड्या लावायला खोल पाणी आणि वर बर्फाचा कारखाना बांधायला घट्ट जमीन, हे दोन्ही एकत्र गावात तिथेच होतं. गोदावहिनी ज्या सोसायटीची अध्यक्ष होती तिच्या बायका ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढायच्या आणि बर्फ दाभोळहून टेम्पोने मागवायच्या. येईपर्यंत त्यातला निम्मा पाणी होऊन यायचा. सोसायटीने तुकडा मागितला होता. राहीचा धाकटा भाऊ विनोद याला तिथेच तीन खोल्यांचा होमस्टे काढायचा होता. आणि सातबाऱ्यावर ज्यांचं नाव पहिलं होतं ते राहीचे धोंडूकाका, कोणीही विचारलं तरी एकच शब्द बोलायचे.

"बगू."

किती वर्षं ते बगत होते, हे घरात कोणी मोजायचं सोडून दिलं होतं.

यंदा मात्र राहीला उत्तर हवं होतं. येत्या शुक्रवारी तिचं विधेयक सभागृहापुढे यायचं होतं: खाडीकाठच्या गावांच्या जेट्या, रेती आणि मासळी त्या त्या गावांच्या हाती असावी आणि तिथल्या नोकऱ्या स्थानिकांना मिळाव्यात. तिने मागच्या वेळी भाषणात म्हटलं होतं की अध्यक्ष महोदय, मी जिल्ह्याच्या उत्तरेकडून निवडून आले आहे, पण इतकी अधिवेशनं झाली तरी उत्तर काही मिळालेलं नाही. सभागृह हसलं होतं, ती चित्रफीत केळशीपासून दाभोळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरली होती. पण समोरच्या बाकावरून कोणीतरी लगेच म्हणालं होतं, ताईंनी आधी घरच्या खाजणाचं सांगावं. त्यावर सभागृह जास्त हसलं होतं. शुक्रवारी ती उभी राहिली की हाच आवाज परत येणार, हे तिला माहीत होतं. दुसऱ्यांनी आपल्या जमिनी गावाच्या जेटीला द्याव्यात असं म्हणायचं आणि आपल्या घरचा तुकडा अडवून बसायचं, हे तिलाही पटत नव्हतं.

शिवाय मसुदा तपासणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता आणि तो तिला सुटत नव्हता. स्थानिक म्हणजे कोण?

पडवीत विनोद घावणे खात बसला होता. तो आणि त्याची बायको स्वप्ना पहाटे डोंबिवलीहून गाडीने आले होते. विनोद बांधकामावर सुपरवायझर होता. दिवसभर जिने चढून गुडघे गेले होते आणि त्याच्या साहेबांनी या वर्षाअखेर सगळा कारभार आवरायचं ठरवलं होतं. स्वप्ना शाळेच्या कार्यालयात होती. तिला गाव आवडायचं, पण दोन दिवस.

धोंडूकाका कोपऱ्यातल्या बाकावर पांढरं धोतर नेसून, पागोट्याची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते. गावात कुठल्याही घरापुढच्या खळ्यात पालखी टेकली की देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचा मान रेवाळ्यांचा, आणि रेवाळ्यांत तो काकांचा. आजूबाजूला जरा चढे आवाज यायला लागले की काका कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत. आत्ता ते खिशात होतं.

"काय ताई, खाजणाने काय सांगितलं?" विनोदने विचारलं.

राही म्हणाली की मीठ वर चढलंय, अजून दोन पावसाळे बांध टिकला तर नशीब. त्यावर विनोदने मान हलवली. बांधाचं त्याला तिच्याहून जास्त कळत होतं. सकाळी आल्या आल्या तोही तिकडे चक्कर मारून आला होता. पायाकडचे चिरे सुटलेत, वरून डागडुजी करून भागणार नाही, खालपासून उचलावा लागेल, असं तो बराच वेळ आणि बऱ्यापैकी खुशीत सांगत राहिला. मग त्याला आठवलं की आपलं भांडण आहे.

"पण ते तुमच्या सोसायटीने बघावं. नियमावली वाचली मी. सभासद कोण, तर स्थानिक रहिवासी. म्हणजे माझ्या बापाच्या जमिनीवर जेटी होणार आणि मी तिथे पाहुणा."

"तसं नाही ते," राही म्हणाली.

"मग कसंय? तुझ्या विधेयकात तरी आहे का मी?"

राही मनात एकेक व्याख्या लावून बघत होती. पंधरा वर्षांचा रहिवास म्हटलं की विनोद बाहेर जात होता. गावात जन्म म्हटलं की गोदावहिनी बाहेर, कारण तिचं माहेर दाभोळचं. गावात जमीन म्हटलं की मुंबईचा कोणीही बंगलेवाला आत. मतदार यादी म्हटलं तर राही स्वतःच बाहेर, कारण तिचं नाव सासरच्या गावी. ती शाळेत व्याख्या शिकवायची तेव्हा सांगायची की व्याख्येत जे यायला हवं ते सगळं आलं पाहिजे आणि जे नको ते एकही येता कामा नये. आम्ल आणि अल्कलीच्या बाबतीत हे जमायचं.

"मी सांगू?" तव्यापाशी बसलेली गोदावहिनी मागे न वळता म्हणाली. "ज्याला शिमग्याला येयाला रजा काडावी लागत नाय, तो स्थानिक. लिवा."

स्वप्ना इतकी हसली की तिला ठसका लागला. विनोदही हसला आणि लगेच म्हणाला की मग ताई पण बाद, अधिवेशन सोडून आलीय. राहीने कबूल केलं की आपण बाद. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की राजेंद्रही बाद. तो जयगडला बंदरात कामाला होता, जिल्हा हाच, पण खोली घेऊन तिकडेच राहायचा, आणि यंदा पालखीच्या दिवशी त्याची पाळी लागली होती. गोदावहिनीने घावणा उलटला. तो जरा फाटला.

"ह्यो मी खाते," ती म्हणाली.

विनोदला वातावरण सुधारायचं होतं म्हणून त्याने चष्म्याची गोष्ट काढली. ती दर शिमग्याला निघायची. एका वर्षी काका गाऱ्हाणं घालत असताना, गुराढोरांची राखण कर, दर्यावर गेलेल्यांची राखण कर, असं म्हणता म्हणता त्याच सुरात म्हणाले होते, आनि आई, माजा चष्मा कुटं ऱ्हायलाय तो गावू दे. सगळं खळं एका आवाजात ओरडलं होतं, व्हय म्हाराजा. चष्मा काकांच्या कपाळावर होता.

"कोणी ऐकतच नाही मुळी," स्वप्ना म्हणाली. "काकांचा आवाज खाली आला की हे ओरडायचं. मी लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, काहीतरी मोठं मान्य करतायत."

"ओरडायचंच असतं," विनोद म्हणाला. लहानपणापासून त्याचा व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठा. पलीकडच्या तीरावरचे लोक म्हणत की तिवरबंदरची पालखी कुठल्या घरी पोचली ते विनोदवरून कळतं.

कोपऱ्यात काका नेमक्या जागी गालात हसले. यंत्र खिशातच होतं. ते फक्त स्वप्नाने पाहिलं.

राही गोदावहिनीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओटीचं ताट लावत होती. राहीने हळू आवाजात विचारलं की वहिनी, तू रोज इथे असतेस, तुझं ऐकतात, तूच एकदा त्यांना नीट का नाही विचारत? हो तर हो, नाही तर नाही. नाही म्हणाले तरी चालेल मला, मी शुक्रवारी तसं सांगेन.

वहिनीने तांदळाची मूठ ताटात सोडली, हळदकुंकू सरळ केलं.

"इचारलं मी. गेल्या पावसात. म्हनाले, गोदे, हो म्हनलो तर इनोद येयाचा बंद होल, नाय म्हनलो तर राही येयाची बंद होल. बगू म्हनतंय तवर दोगंय शिमग्याला येतायत."

राहीच्या हातात सुपारी होती. ती ताटात कुठे ठेवायची हे तिला क्षणभर समजेना. इतकी वर्षं तिला वाटत होतं की काका म्हातारे झालेत, घाबरतात, त्यांना कळत नाही. सभागृहात तिने हाच शब्द वेगवेगळ्या तोंडून ऐकला होता, विचाराधीन आहे, तपासून पाहू, योग्य वेळी. आणि काकांचा बगूही तिने त्याच रांगेत बसवून टाकला होता. चव घेऊन ओळखायचं नाही, हा नियम तिने इथे पाळायला हवा होता.

दारात स्वप्ना उभी होती, पाण्याचा तांब्या भरायला आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. ती तांब्या न भरताच पडवीत परत गेली, आणि राहीला दिसलं की तिने विनोदच्या शेजारी बसून त्याला काहीतरी सांगायला सुरुवात केली, हातवारे न करता, खूप हळू. विनोद आधी मान वर करून काहीतरी म्हणाला. मग त्याने मान खाली घातली.

ढोल जवळ आला होता. राही काकांसमोर जाऊन बसली, त्यांच्या खिशातून यंत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते निमूटपणे कानात घातलं.

"काका, मी खाजणाचं यापुढे नाही विचारणार," ती म्हणाली. "ना तुम्हाला, ना विनोदला. शिमग्याला मात्र येणार. तुम्ही काही म्हणालात तरी, आणि नाही म्हणालात तरी."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "आनि तुजा शुक्रवार?"

"शुक्रवारी बघू," राही म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला हसू आलं, आणि काकांनाही.

तेवढ्यात विनोद उठून आला. त्याने काकांच्या मांडीवरचं पागोटं उचललं, त्यांच्या डोक्याला बसवायला लागला. हे काम आधी राजेंद्र करायचा. विनोदला नीट जमत नव्हतं, पागोट्याचा सुटा शेव कानावर येत होता.

"पुढच्या शिमग्याला मी आठवडाभर आधी येतो, काका," तो शेव खोचत म्हणाला. "पालखी बसते त्या सहाणेचा चौथरा एका बाजूने खचलाय. पालखी टेकते तेव्हा डोलते. तो सारखा करतो. बाकी जागेचं राहू दे. तुम्हाला वाटेल तसं करा. मी येणार ते येणारच."

"गुडगं?"

"चौथऱ्याला जिने नसतात."

काकांनी डोक्यावरचं पागोटं चाचपून पाहिलं. तिरकं बसलं होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

मग सगळं एकदम आलं. ढोल, ताशा, सनई, गुलालाने लाल झालेली माणसं, आणि त्यांच्या खांद्यांवर नाचत आलेली वाघजाईची पालखी. खळ्यात पाटावर ती टेकली तेव्हा कोणीतरी पोरांना मागे ओढलं. गोदावहिनीने आणि स्वप्नाने मिळून ओटी भरली. वाडीतली झाडून सगळी माणसं खळ्यात, गडग्यावर, पायऱ्यांवर दाटून उभी राहिली. सोसायटीच्या बायका एका बाजूला, मुंबईहून आलेले टोप्या आणि गॉगलवाले दुसऱ्या बाजूला. ढोल थांबला. धोंडूकाका पुढे झाले, हात जोडले, डोळे मिटले.

त्यांचा आवाज घरातल्या आवाजापेक्षा वेगळा होता. घरात थरथरायचा, इथे नाही.

"आई वाघजाय, आज तुजी लेकरा तुज्या म्होरं उबी हायत. जी वाडीत हायत ती, जी मुंबयला चाकरीला हायत ती. जो कोन दर्यावर हाय, जो जयगडला बंदरात हाय. जी लेक सासरी हाय, जी सून म्हायेर सोडून हितं आली. ती समदी तुजीच. त्यांची राखन कर."

"व्हय म्हाराजा!"

राहीचा आवाज त्यात नव्हता. ती नेहमीसारखी ओरडायला गेली आणि तोंड उघडंच राहिलं. जयगडचं तेवढं नवीन होतं, आणि ते ऐकून गोदावहिनीने पदर डोळ्यांना लावला होता. पण बाकीचं सगळं जुनं होतं. मुंबईचे, दर्यावरचे, सासरच्या लेकी, माहेर सोडून आलेल्या सुना. लहानपणापासून दर शिमग्याला तिने हेच शब्द ऐकले होते, म्हणजे ऐकले नव्हते, त्यांना होकार दिला होता. विनोद आत, वहिनी आत, राजेंद्र आत, ती स्वतःही आत. बंगलेवाल्याचं नाव त्यात नव्हतं, कारण त्याची राखण कर असं इथे कोणी मागितलंच नव्हतं. कायद्याच्या भाषेत हे कसं बसवायचं ते बसून लिहावं लागेल. पण लिहायला काहीतरी होतं.

काका पुढे गेले. गुरंढोरं, पोरंबाळं, आंब्याचा मोहर, रोगराई. दर वेळी आवाज खाली आला की खळं ओरडत होतं आणि सगळ्यांच्या वर विनोदचा आवाज खाडीपार जात होता. आता शेवट आला, असं वाटून ढोलवाल्याने टिपऱ्या उचलल्या. काकांनी डोळे न उघडता हात वर केला. ढोलवाला थांबला.

"आनि आई, आजवर मी बगू म्हनलो," काका त्याच सुरात म्हणाले. "आता बगितलं. खाजनाचा खाडीकडचा तुकडा ह्या घरानं गावाच्या जेटीला दिला. बर्फाचा कारखाना तितंच होल. बांद खालपासून उचलायचा हाय, तो इनोदानं हितं ऱ्हाऊन उचलायचा, आनि बांदाच्या आत त्याचं घर होल. ह्ये मी तुज्या म्होरं बोललो. ह्याला यश दे."

आवाज खाली आला.

"व्हय म्हाराजा!"

विनोद सगळ्यांत मोठ्याने ओरडला. मग खळ्यात हळूहळू शांतता पसरली, कारण एकेकाच्या लक्षात यायला लागलं की आपण कशाला व्हय म्हणालो. सोसायटीच्या बायकांमध्ये कोणीतरी फसकन हसलं. स्वप्नाने तोंडावर हात ठेवला होता; हात बाजूला झाला तेव्हा तीही हसत होती. विनोद कपाळावरचा गुलाल पुसायचा विसरून काकांकडे बघत राहिला.

काकांनी डोळे उघडले. तिरक्या पागोट्याखालून त्यांनी थेट विनोदकडे पाहिलं आणि वाट बघत थांबले.

"व्हय म्हाराजा," विनोद पुन्हा म्हणाला, या वेळी एकटाच, आणि जेमतेम पालखीपर्यंत पोचेल इतक्या आवाजात.